अकरावं उत्तर

खर्ड्याच्या बाजारतळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर वैजनाथ मिस्त्रीचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून द्यायचं. पंचक्रोशीत कुणाचीही मोटार जळू द्या, ती टेम्पोत पडून वैजनाथच्याच दारात येणार. माणूस समोरासमोर बोलायला एकदम कमी. पण मोबाईलवर ‘मोटारकट्टा’ नावाची एक साइट होती, तिथं हाच माणूस असा सुटायचा की बास! महाराष्ट्रभरातले मिस्त्री आणि शेतकरी तिथं अडचणी टाकायचे आणि हा ‘खर्ड्याचा मिस्त्री’ या नावानं, एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत उत्तरं द्यायचा. या धंद्यात कुणी कुणाला आपलं कसब सांगत नाही. वैजनाथ सगळं सांगून मोकळा.

आणि तेच नडलं त्याला.

बारा वर्षांपूर्वी ‘बागायतराजा’ नावाच्या कुणीतरी तिथं विचारलं, रात्री दोनच फेज येतात, तीन फेजची मोटार चालवू कशी? वैजनाथनं कंडेन्सर कसा जोडायचा ते बैजवार लिहिलं. चार दिवसांनी त्या बागायतराजानं लाइट बंद करून कंडेन्सरला हात लावला, झटका बसला आणि तो मागच्या मागं विहिरीत गेला. संपला.

तो बागायतराजा म्हणजे वैजनाथचे सख्खे दाजी. आदिनाथ. थोरल्या बहिणीचा, बनुबाईचा नवरा.

आता म्हणाल, घरात मिस्त्री असताना खोटं नाव घेऊन नेटवर कशाला विचारायचं? अहो, सोनईकडचा ऊसवाला जावई तो! खर्ड्याच्या कोरडवाहू मेव्हण्याला फोन करून ‘जरा सांगता का’ म्हणणार? मान जातो ना. कुणाला विचारतोय ते दाजींना माहीत होतं. कोण विचारतंय ते फक्त वैजनाथला माहीत नव्हतं.

दाजींच्या मोबाईलमध्ये ते पान उघडंच सापडलं. दिरानं बनुबाईला वाचून दाखवलं. दहाव्याला आलेल्या भावाला तिनं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

“आक्का, मी फुडं लिव्हलं हुतं गं! लाइट गेली तरी कंडेन्सरात करंट ऱ्हातो, आदी त्यो उतरवा, मग हात लावा म्हनून!”

तिनं दार लावून घेतलं.

बारा वर्षं ते पान नेटवर तसंच होतं, आणि वैजनाथचा ते उघडायचा धीर झाला नाही. कट्ट्यावर लिहिणं तर त्यानं त्याच दिवशी सोडलं.

मग दोन हजार चोवीसच्या जानेवारीत बनुबाईच्या लेकीचं, सुकन्याचं लग्न ठरलं. चुलतभाऊ वाल्मिक निरोप घेऊन दुकानात आला.

“आक्का म्हनली, लिव्हलं हुतं तर दाव म्हनावं त्याला. दावलं तर नवरीमागं मामा म्हनून तूच उभा ऱ्हाचा. न्हाई तर म्हनली, वाल्मिक, तू तयारीत ऱ्हा.” मग जरा लाजून म्हणाला, “मला नगं हाय रं वैजू त्यो मान. पर तिच्याम्होरं कोन बोलनार?”

वैजनाथच्या हातातली तार तशीच राहिली. बारा वर्षांनी आक्कानं स्वतःहून विचारलं होतं! त्यानं एका बोटानं साइटचं नाव टाकलं.

साइट बंद. तीन आठवड्यांपूर्वीच बंद झालेली.

त्याची लेक संस्कृती नगरला बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला. फोनवर बापाचा आवाज ऐकला आणि पोरगी कॉलेज टाकून दुपारच्या एसटीनं घरी.

“पप्पा, रडायचं नाही हं. साइट गेली तरी सर्च इंजिननं पानांची एक प्रत काढून ठेवलेली असते. कॅशे म्हणतात तिला.”

“म्हंजी मानूस गेल्यावर फोटू भिंतीला ऱ्हातो, तसं?”

“तसंच. पण हा फोटो थोड्याच दिवसांत कुणीतरी काढून नेतं. म्हणून घाई. तुम्ही लिहिलेलं जसंच्या तसं आठवा. कंडेन्सरला सी लावायचा की के?”

“कवा सी, कवा के. घाईत येस पन पडायचा.”

“अरे देवा! पप्पा, तुम्ही मोटारी भरता तेच बरंय.”

सविता, तिची आई, चुलीपुढून म्हणाली, “मोटारी भरता भरता सोयरीक जाळली की.” आणि बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं.

दोन दिवस पोरगी हलली नाही. सी लावून बघ, के लावून बघ, ‘बागायतराजा’ टाकून बघ. भलतीच पानं यायची. तिसऱ्या दिवशी सकाळी ती अशी किंचाळली की शेजारचे धावत आले. साठवलेली प्रत! वर बागायतराजाचा प्रश्न, खाली उत्तरांची रांग! तिनं धडाधड फोटो घेतले आणि सुकन्याला पाठवूनसुद्धा दिले. ‘ताई सापडलंऽऽ’

“अगं, आदी वाच तर!” सविता ओरडली.

तोवर गेलं होतं.

मग तिघं वाचायला बसले. नवव्या नंबरला वैजनाथचं उत्तर. कसं जोडायचं ते सगळं, आणि शेवटी, ‘राजे, बिनधास्त जोडा. काही होत नाही.’

“ह्ये मी लिव्हलंय?” वैजनाथ म्हणाला.

दहाव्या नंबरला बागायतराजा. ‘मिस्त्री, तुमच्यासारखा माणूस आमच्या नात्यात पाहिजे होता.’

वैजनाथनं ते दोनदा वाचलं. खाली लिहिलं होतं, पान एक, एकूण पानं दोन. एका पानावर दहाच उत्तरं बसायची. त्याचं सावधगिरीचं उत्तर अकरावं होतं.

दुसरं पान कुठंच नव्हतं. संस्कृतीनं दुसरं सर्च इंजिन बघितलं, जुन्या साइटी जपून ठेवणारं संग्रहालय बघितलं. तिथं कट्ट्याचं नुसतं तोंडपान. सुकन्याला पाठवलेले फोटो पुसायला गेली तर त्यांच्यापुढं निळ्या खुणा आलेल्या. पोरीनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

“नगं गं बाळा,” वैजनाथनं तिचा हात धरला. मग अगदी हळू म्हणाला, “मी लिव्हलं हुतं का गं खरंच? का नुसतं मनात म्हनलो आसंल?”

दुपारी फोन आला. बनुबाई.

“वैजू.”

“आक्का!”

“सुकीनं वाचून दावलं. बिनधास्त जोडा म्हनलास.”

“फुडच्या पानावर हाय आक्का. देवाची आन हाय.”

“मग दाव की ते पान.”

“त्ये... त्ये गावत न्हाई.”

बनुबाई म्हणाली, “मला वाचाया येत न्हाई. बारा वर्सं म्हनायची, दीर खोटं बोलला आसंल. माज्या भावाचंच खरं आसंल. येवढं धरून हुते रं मी. आता काय धरू?”

वैजनाथनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“लग्नाला ये. पोरीमागं उभं ऱ्हाऊ नगं.”

दुसऱ्या दिवशी संस्कृतीनं पुन्हा शोधलं, तर पहिल्या पानाची प्रतही गायब. पुढच्या आठवड्यात तर साठवलेली प्रत बघायची सोयच त्या सर्च इंजिनवरून उठली. ती कुणाशी भांडणार होती?

लग्न फेब्रुवारीत, सोनईच्या अलीकडं एका कार्यालयात. वैजनाथ पार मागच्या रांगेत, खांबाला टेकून उभा राहिला. अक्षता वाटून झाल्या. माइकवरून भटजींनी पुकारलं, “मुलीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं.”

त्याचं पाऊल आपोआप पुढं पडलं.

“पप्पा,” संस्कृतीनं बाही धरली.

वाल्मिक सुकन्याला घेऊन मधल्या वाटेनं येत होता, खाली मान घालून. खांबाजवळून जाताना सुकन्यानं एकदा मामाकडं पाहिलं, आणि पुढं गेली. वैजनाथनं मूठ उघडली. अक्षता घामानं तळहाताला चिकटल्या होत्या. मंगलाष्टकं सुरू झाली. लोक टाकतील तेव्हा त्यानंही हात झाडला, पण नवरीपर्यंत काही पोचलं नाही.