परत न येणारा यो-यो आणि लवू घाडी

लालबागच्या आमच्या चाळीत कुणाचं काय चाललंय हे सांगायला मी एका पायावर तयार असतो. पण लवू घाडीची गोष्ट मी त्याच्या तोंडावरही सांगतो. तो हसतो. सुभद्रावहिनी मात्र चहा न देता मला वाटेला लावतात.

नव्वद साल जवळ आलं होतं. एका थंड पेयाच्या कंपनीने देशभर यो-योचं वेड लावलं. रंगीत शर्टातले खेळाडू मैदानांत येऊन करामती दाखवायचे, आणि पोरं यो-यो मिळवायला बाटल्यांची बुचं जमवत फिरायची. लवू तेव्हा विशीत. यो-यो खाली सोडून दोरीच्या टोकाला जागच्या जागी गरगरत ठेवायचा आणि हलका झटका देऊन हातात आणायचा, यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

दुकानातली दोरी त्याला पसंत पडायची नाही. वडील, कोंडीराम, गिरणीत सूत कातायच्या खात्यात होते. ते वाया गेलेलं सूत आणायचे. मग गॅलरीच्या एका टोकाला लवू, दुसऱ्या टोकाला कुणीतरी, आणि मध्ये पीळ. हे कुणीतरी सुरुवातीला आम्ही आळीपाळीने होतो. पुढे शेजारच्या खोलीतली सुभद्राच असायची. यो-योला इतकी दोरी लागते का, अशी शंका चाळीतल्या बायकांना येईपर्यंत लग्नाची बोलणी सुरूही झाली होती.

लवूने राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. कप आला. मग कंपनीने गाशा गुंडाळला, पोरं व्हिडिओ गेमला लागली, आणि गिरगावातले दुकानदार यो-यो मागितला तर भोवरा दाखवू लागले. लवू कुरियरच्या ऑफिसात चिकटला. ‘चॅम्पियन’ ही हाक टिंगलीची झाली. भाजी आणायला निघाला तरी कुणीतरी विचारायचं, “काय चॅम्पियन, दोरी आहे ना खिशात?”

पण मोबाइलवर बघून बघून गावोगावची पोरं पुन्हा यो-यो फिरवायला लागली. त्यांनी एकमेकांना शोधलं, राष्ट्रीय स्पर्धा पुन्हा भरू लागली. यंदा ती दादरला ठरली. लवूच्या मुलाच्या ऑफिसात अँटॉप हिलची प्रिती आहे, ती या नव्या खेळाडूंतली नावाजलेली. ती घरीच आली.

“काका, उद्घाटन तुम्हीच करायचं. हा घ्या नवा यो-यो. जरा वेगळा चालतो, दाखवू?”

“पोरी, तू मला दाखवणार?”

यो-यो प्लास्टिकसकट शोकेसमध्ये, कपाशेजारी गेला. वहिनी म्हणाल्या, “अहो, तो काय देव आसा, काचेत ठेवूक? फिरवून बघा.”

“ओरखडा पडलो तर? स्टेजवर नवोकोरो दिसाक होयो.”

मला मात्र जिन्यात हळूच म्हणाला, “एकदा लोकांनी न हसता बघावं रे. बस.”

दादरच्या स्टेजवर लवूने यो-यो सोडला. काय सुंदर गरगरला! लवूने झटका दिला. यो-यो आला नाही. मोठा झटका. तरी नाही. खालीच मजेत फिरत राहिला. या नव्या यो-योच्या पोटात बेअरिंग असतं. दोरीचा एक वेढा दिल्याशिवाय तो परत येतच नाही. हे अख्ख्या हॉलला ठाऊक होतं, लवू सोडून. कुणी हसलं नाही, पण तेच जास्त लागलं. लवूचा चेहरा पडला.

प्रिती धावत वर गेली. “काका, आम्ही सगळे पहिल्यांदा इथेच अडकलो.”

लवूचा अभिमान काही हलेना. तेवढ्यात पुढच्या रांगेतून वहिनी गरजल्या, “अहो, इचारा तिका!”

हॉल हसला. आणि लवूही हसला. यो-यो पुढे धरून म्हणाला, “शिकव गो.”

आधी यो-यो बोटांवर आपटला, मग गुंता झाला, मग थाडकन तळहातात! असा गलका उठला की बाहेरचा वॉचमन आत डोकावला.

आयोजकांनी परीक्षकाची खुर्ची पुढे केली. लवूने हात जोडले आणि नवशिक्यांच्या गटात नाव दिलं. शाळकरी पोरांच्या रांगेत उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत बाद झाला. मग प्रितीचे, आयोजकांचे, ज्या पोरीने हरवलं तिचेसुद्धा आभार मानत बसला.

दुसऱ्या दिवशी चाळभर पेढे. मी विचारलं, “कसले रे?”

“हरलो त्याचे,” लवू म्हणाला. “खेळ जिवंत होतो रे, माकाच कोणी सांगूक नाय.”

वहिनींनी त्या दिवशी मला चहासुद्धा दिला.