तिघांतला एक मर्टी

"त्या चेंडूला मी जन्मात हात लावलेला नाही."

हे वाक्य पुलाजवळचा मर्टी हॅरिंग्टन एकदाच बोलला, १९६० च्या सप्टेंबरात, दुकानाच्या मागच्या खोलीत, क्लबच्या सात-आठ माणसांसमोर. तो खरं बोलतोय हे त्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणूनच कुणी ते ऐकून घेतलं नाही.

किलबरा या आमच्या गावात तेव्हा तीन मर्टी हॅरिंग्टन होते. आमच्या या आयरिश किनाऱ्यावर निम्मी माणसं हॅरिंग्टन, उरलेली सलिव्हन, आणि पोरांना नावंही आजोबांचीच. तेव्हा माणूस ओळखायचा तो घरावरून, केसांवरून, नाहीतर धंद्यावरून. लाल मर्टी म्हणजे लाल केसांचा, आमचा गोल करणारा गडी. दुकानाचा मर्टी म्हणजे दारू आणि किराणा एकाच काउंटरवर विकणारा, फुटबॉल क्लबचा अध्यक्ष. आणि पुलाजवळचा मर्टी म्हणजे डॅनचा मुलगा, बचाव फळीतला. त्याला ओलांडून पुढे गेलेला माणूस त्या रात्री बरगड्या चोळत झोपायचा. तो आणि लाल मर्टी चुलतभाऊ.

आमचा खेळ गेलिक फुटबॉल, हातानं झेलायचा आणि पायानं मारायचा. सॉकर, म्हणजे बाकी जग ज्याला फुटबॉल म्हणतं तो, इंग्रजांचा खेळ. जो सॉकर खेळेल त्याला आमच्या मैदानावर बंदी, असा तेव्हाचा नियम होता. ज्यांची घरं इंग्रज शिपायांनी जाळली होती, त्यांच्या रागातून तो आलेला. पुढे बऱ्याच जणांचा राग विझला, पण नियम तसाच राहिला. राग नसलेला नियम हातात असला की लबाड माणसाला त्याचा चाकू करता येतो.

त्या वर्षी किलबरा पहिल्यांदाच जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचलं होतं. आणि सामन्याच्या तोंडावर जिल्ह्याच्या कमिटीचा निरोप आला: किलबराचा मर्टी हॅरिंग्टन कॉर्क शहरात सॉकर खेळताना दिसला. गोलात उभा होता, डोक्यावर टोपी होती. चेहरा नीट दिसला नव्हता. कुणीतरी त्याला नावानं हाक मारली, ती तेवढी ऐकू आली होती.

"नाव आलंय, माणूस आलेला नाही," दुकानाचा मर्टी म्हणाला. "म्हणजे कोणता मर्टी ते आपणच सांगायचं."

लाल मर्टी भिंतीला टेकून स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"ह्याला विचारा की," पुलाजवळचा मर्टी म्हणाला. "खाली काय बघतोय तो?"

"त्याला काय विचारायचं? तो नसेल तर फायनलला आपण कॉर्कला माती खायलाच जातोय. तुझ्या जागेवर दुसरा कुणीही उभा राहील. रागावू नकोस, गड्या. एका हंगामाचा तर प्रश्न आहे."

तेव्हा मर्टी ते वाक्य बोलला. मग तो अध्यक्षाकडे वळला.

"नाव तुझंही आहे, मर्टी. तूच जा की."

"मी? हे पोट घेऊन गोलात?" अध्यक्षानं पोटावर थाप मारली. "मग त्या सामन्यात एक तरी गोल झाला असता का?"

खोलीत हशा पिकला. सगळे हसले, लाल मर्टीसुद्धा. त्या हसण्यातच निकाल लागला.

"आणि घरी खरं सांगू नकोस," जाताना अध्यक्ष म्हणाला. "डॅनला कळलं तर तो चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून बोंब मारेल, आणि फायनल गेली."

डॅनचं घर जळलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. मुलावर बंदी आल्याचं त्याला दुधाच्या डेअरीत, चारचौघांत कळलं. घरी आल्यावर त्यानं पुढ्यातली बटाट्यांची थाळी सरकवली.

"माझं घर जाळलं त्यांचा चेंडू अडवत होतास होय?"

मर्टीच्या ओठांवर सगळं आलं होतं. ते त्यानं गिळलं. फायनलपर्यंतच तर गिळायचं होतं. त्यानंतर डॅन त्याच्याशी बोलला नाही. मेंढ्यांबद्दल काही सांगायचं असलं तर तो कुत्र्याला सांगायचा, मर्टीनं ऐकावं म्हणून.

फायनल किलबरानं जिंकली. लाल मर्टीचे दोन गोल. डोंगरावर शेकोट्या पेटल्या, लाल मर्टीला खांद्यावर घेऊन सबंध गावातून फिरवलं. दुसऱ्या दिवशी पुलाजवळचा मर्टी दुकानात गेला.

"आता मी आमच्या म्हाताऱ्याला सांगतो."

"सांग," दुकानाचा मर्टी ग्लास पुसत म्हणाला. "कप परत जाईल. मग तू गावाला तोंड दाखव."

त्यानं पुन्हा गिळलं. वसंतात सांगू, पोरं कप विसरली की सांगू. फेब्रुवारीत डॅन मेंढ्या उतरवायला डोंगरावर गेला आणि तिथंच पडला तो उठलाच नाही. त्याला खाली आणला तो एका घराच्या दाराची फळी काढून, तिच्यावर घालून. कुत्रा पुढं चालत होता.

बंदीचा हंगाम संपला, पण मर्टीनं जर्सी पुन्हा अंगात घातली नाही. लाल मर्टी बोस्टनला गेला. मैदान मर्टीच्या कुंपणाला लागून होतं, त्यामुळे सामन्याच्या सकाळी चुन्याच्या रेषा मारायचं काम कुणी न सांगता त्याच्याकडे आलं. लोकांना वाटायचं, त्यानं सगळं मनातून काढून टाकलं. तो रेषा मारायचा आणि सामना सुरू व्हायच्या आत घरी जाऊन दार लावून घ्यायचा. बाहेरगावची पोरं कुंपणावरून ओरडायची, "ए सॉकरवाल्या, रेषा वाकडी आली!" रेषा वाकडी कधीच नसायची.

पुढे तो नियमही गेला. एका संध्याकाळी उठवला, संपला. दुकानाच्या मर्टीनं काउंटरवर टीव्ही लावला आणि लोक काळी स्टाउट बिअर पीत इंग्लंडचा सॉकर बघू लागले. त्या दिवसापासून मर्टीनं दुकानाची पायरी चढायची सोडली.

१९८५ मध्ये त्या विजयाला पंचवीस वर्षं झाली. अशा संघाला जिल्ह्याच्या फायनलच्या दिवशी मैदानात उभं करून एकेकाचं नाव पुकारायची, आणि त्याआधी एका संध्याकाळी हॉलमध्ये जेवण द्यायची आमच्याकडे रीत आहे. लाल मर्टी बोस्टनमध्ये वारला होता. दुकानाचा मर्टी, आता सत्तरीचा पण अजून अध्यक्षच, काठी टेकत मैदानावर आला.

"त्याचं इथं कुणी नाही. तू भाऊ आहेस. त्याच्या जागी उभा राहा, मर्टी. नावही बदलायला नको."

मर्टीनं चुन्याची बादली खाली ठेवली. "राहीन. पण आधी जेवणाच्या दिवशी, हॉलमध्ये, सगळ्यांसमोर सांगायचं. तो सॉकरचा सामना कोण खेळला आणि बंदी कुणी भोगली."

"आता कशाला, बाबा? माझा नातूसुद्धा सॉकर खेळतो. त्यात कुणाला काय वाटतंय?"

"वाटत नाही ना? मग सांगायला काय जातं?"

म्हाताऱ्यानं काठी काखेत धरली. मग त्यानं तळहातावर थुंकून हात पुढं केला, जत्रेत गुरांचा सौदा पक्का करतात तसा. मर्टीनंही थुंकून हात मिळवला.

जेवणाच्या दिवशी मर्टीनं लग्नातला सूट काढला. त्याची बायको हॅना दारात उभी होती.

"त्या माणसाच्या थुंकीवर विश्वास ठेवतोस?"

"त्याच्यावर नाही. पण हॉल भरलेला असेल. भरल्या हॉलमध्ये शब्दावरून कसा फिरेल?"

"तो भरल्या हॉलमध्येच फिरतो, मर्टी. रिकाम्या हॉलमध्ये त्याला काय मजा?" असं म्हणत तिनं त्याची टाय सरळ केली आणि स्वतःचा कोट घेतला.

हॉलमध्ये थंड हॅम, बटाट्याचं सॅलड आणि चहा होता. मर्टीसमोर घडी घातलेली जर्सी ठेवली होती. शेजारच्या टेबलावरची दोन म्हातारी माणसं डॅनच्या वयाची होती. मर्टी सारखा त्यांच्याकडे बघत होता. त्या दोघांनी ऐकलं तरी पुरे होतं. त्यानं हॅमला हात लावला नाही.

दुकानाचा मर्टी माइकपुढं आला. मेलेल्यांची नावं घेतली, कपाला हात लावला. मग त्याचा आवाज मऊ झाला.

"आणि आज आपल्या लाल मर्टीच्या जागी उभा राहणार आहे त्याचाच भाऊ, मर्टी हॅरिंग्टन. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा त्याच्या हातून एक चूक झाली होती. पोरवय, शहराची हवा. कुणाच्या हातून चूक होत नाही? त्याचा डॅनला फार त्रास झाला, देव त्याला शांती देवो. पण मर्टीनं पंचवीस वर्षं आपल्या रेषा मारल्या! मी अध्यक्ष म्हणून सांगतो, क्लबनं त्याला कधीच माफ केलंय. ये, मर्टी, ये वर!"

टाळ्या कडाडल्या. माणसं उभी राहिली. डॅनच्या वयाची ती दोघंही काठ्यांवर भार देत उभी राहिली आणि मान हलवू लागली. त्यांनीही माफ केलं होतं. एकाचे डोळे ओले होते.

मर्टी उठला. त्यानं जर्सी उचलली, घडी मोडली नाही, आणि हॅमच्या थाळीत ठेवली. तो वर जातोय असं समजून लोकांनी खुर्च्या सरकवून त्याला वाट करून दिली. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी "शाब्बास, मर्टी" म्हणालं. स्टेजपासून दारापर्यंत ती वाट सरळ मोकळी झाली होती. मर्टी तिच्यावर आला, स्टेजकडे पाठ केली, आणि दार उघडून निघून गेला.