नवरीच्या पायाखालचा क्लच

मी तापट आहे हे घरात सगळ्यांना मान्य आहे. गाडीच्या बाबतीत मी वेडा आहे, हे मात्र मला बरेच दिवस मान्य नव्हतं. शिरूरला राहणाऱ्या, रांजणगावला कारखान्यात शिफ्ट करणाऱ्या माणसानं दोन दारांची, टर्बोवाली, जमिनीला पोट टेकेल अशी स्पोर्ट्स कार जुन्यात घ्यावी, यावर बायको जे बोलली ते इथं लिहीत नाही. त्या गाडीवर माझ्याइतकाच जीव असलेलं दुसरं माणूस एकच, माझी भाची. बहीण इनामगावला दिलेली. कॉलेजच्या सुट्टीत भाची आमच्याकडं यायची आणि गाडी चालवायला ती याच गाडीवर शिकली.

लग्न ठरल्यावर तिनं मामाकडं साडी मागितली नाही की दागिना नाही. म्हणाली, "मामा, वेशीपासनं मांडवापर्यंत गाडी मी चालवणार. तुम्ही फकस्त बाजूला बसायचं."

लग्न मुलाकडं, भांडगावला होतं. अशा वेळी मुलीकडची माणसं वेशीवर थांबतात, मुलाकडचे वाजंत्री घेऊन न्यायला येतात आणि मग त्या जेमतेम एक किलोमीटरला दीड तास लागतो. पुढं बेंजो, बेंजोच्या पुढं नाचणारे, मागं गाडी. "नवरी कुठं गाडी चालवती व्हय?" म्हणून बहीण कुरकुरली. मी भाचीला शब्द देऊन मोकळा झालो.

पण त्याआधीच मी नसता शहाणपणा करून बसलो होतो. पुण्यातून इंजिन ट्यून करून आणलं होतं. ताकद वाढली, मीही हवेत होतो. न्हावऱ्याच्या अलीकडं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ओलांडायला गेलो, तर इंजिन बोंबलायला लागलं आणि गाडी आहे तिथंच. वर जळका वास. क्लच घसरत होता. कंपनीच्या मूळ प्लेटला एवढा जोर धरवत नव्हता.

आता क्लच निवडायचा तर आमच्याकडं सल्ल्यांना तोटा नाही. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेला. ते म्हणाले, "जड घे. हलकं म्हंजी दोन हंगामात बाद." कट्ट्यावरच्या प्रत्येकाचं मत हेच. रानातल्या माणसाला पायाला जोर लागला की वस्तू मजबूत वाटते, आणि मी त्याच मातीतला. मी पुण्यातून सगळ्यात दांडगा, सिरॅमिकच्या सहा पाकळ्यांचा, रेसच्या गाड्यांचा क्लच बसवून आणला. आठ दिवस भेटेल त्याला त्याची थोरवी सांगितली.

बाजाराच्या दिवशी तळेगाव ढमढेऱ्यात गेलो आणि माझी थोरवी उतरली. पेडल म्हणजे दगड. पाय जरा वर घेतला की क्लच एकदम धरायचा. गाडी एक तर उडी मारायची नाही तर बंद पडायची. बाजारपेठेत सात वेळा बंद पडली. मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या मावशी म्हणाल्या, "नवीन शिकताय जणू? काचंवर तांबडा एल तरी लावा." मी एवढा चिडलो की आठव्यांदा बंद पाडली.

त्याच आठवड्यात रविवारी भाची आली. किल्ली घेतली, घोडनदीच्या पुलापर्यंत जाऊन आली. जाताना चार वेळा गचके बसले, येताना तीन वेळा. मी शेजारी बसून मोजत होतो. उतरल्यावर तिनं गुडघ्यावर हात ठेवला, मग माझ्याकडं बघून पटकन काढून घेतला.

"छान हाय," ती म्हणाली. "जमंल मला."

तो आवाज मला माहीत होता. लहानपणी नको असलेली भाजी ती याच आवाजात संपवायची. नाचणाऱ्या माणसांच्या मागं हा क्लच तिच्या पायाखाली देणं मला धोक्याचं वाटायला लागलं, आणि तिला नको म्हणणं तर त्याहून अवघड. लग्न महिन्यावर आलेलं. मला माझीच लाज वाटत होती, म्हणून कुणाला न सांगता मी दौंड गाठलं.

तिथं एक वयस्कर मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्या तीन पिढ्या दौंडातच गाड्या दुरुस्त करण्यात गेल्या. मी त्यांच्यापुढं ट्यूनिंग, टॉर्क, पाकळ्या असं सगळं भडाभडा ओतलं. चाचांनी चहा संपवला आणि विचारलं, "गाडी चालवायची कुठं?"

"वरातीत," मी म्हणालो. "आन् ती पण नवरी चालवणार."

"मग मघापासनं रेसच्या गप्पा कशाला मारताय?" ते हसतच सुटले.

मग त्यांनी सरळ हिशेब मांडला. ट्यून केल्यावर इंजिन किती जोर देतं ते बघायचं, त्याच्यापेक्षा थोडा जास्त जोर पेलणारी प्लेट घ्यायची, दुप्पट नाही. चकती मूळच्यासारख्याच मऊ मालाची, मधे स्प्रिंगा असलेली, म्हणजे हळूहळू धरते. प्रेशर प्लेट फक्त जराशी कडक. बेअरिंग नवीन टाकायचं, चकती ज्याला धरते ते फ्लायव्हील लेथवर साफ करून घ्यायचं. "किती धरतो हे समदे इचारतात," चाचा म्हणाले. "हळू चालताना कसा वागतो, त्ये कुनी इचारत न्हाई." मी मान खाली घालून ऐकत होतो, कारण विचारलं तर मीही नव्हतं.

नवा क्लच बसल्यावर पहिले सातआठशे किलोमीटर जोर लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. मी रोज शिफ्ट सुटल्यावर म्हातारबाबासारखी गाडी चालवत दौंडपर्यंत जाऊन येत होतो. शेवटची परीक्षाही चाचांनीच ठरवली. साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढं उसाच्या वाहनांची रांग लागते. पाच पावलं पुढं, मग थांबा, परत पाच पावलं. "त्या रांगंत लावा," ते म्हणाले. मी लावली. मागंपुढं ट्रॉल्या, मधे माझी लाल कार. ट्रॅक्टरवाले वरून वाकून विचारत होते, "मालक, ऊस डिकीत हाय का?" दोन तास गाडी सरकत राहिली. एक गचका नाही, वास नाही, पेडल बोटानं दाबावं इतकं हलकं. मी रांगेतून बाहेर पडलो तेव्हा इतका खूश होतो की त्या सगळ्यांना रस प्यायला घातला.

भाची तोवर हळदी-केळवणात अडकलेली. गाडी तिच्या हातात आली ती थेट लग्नाच्या दिवशी, भांडगावच्या वेशीवर. शालू गुडघ्यापर्यंत खोचून, चपला काढून ती बसली. बेंजो सुरू झाला. माझे दोन्ही पाय नसलेल्या ब्रेकवर दाबलेले. गाडी हलली, थांबली, परत हलली. पुढं तिचा दीर उलटा चालत नाचत होता, त्याच्या आणि बंपरच्या मधे हातभर जागा. दीड तासात ती जागा एकदाही कमी झाली नाही. बायका काचेतून वाकून बघत होत्या आणि बहीण, जी महिनाभर कुरकुरत होती, ती सगळ्यांना सांगत होती की पोरगी आमची आहे.

मांडवाच्या दारात भाचीनं हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडं वळली. मुंडावळ्यांच्या आड डोळे बारीक केलेले.

"मामा, हा क्लच त्यो न्हाई."

मी म्हणालो, "न्हाई. तुला जड जात होता, म्हणून बदलला."

"मग आधी सांगायचं की वो!" ती म्हणाली. "तुम्ही येवढ्या हौसेनं बसवलेला, म्हणून मी काय बोलले न्हाई. महिनाभर रोज सकाळी घरच्या ट्रॅक्टरवर पाय पक्का करत हुते."

बाहेर मामाला हाका मारत होते, नवरीला मांडवात न्यायला. मला दार उघडता येईना, कारण मला समोरचं काही दिसत नव्हतं.