काडीच्या गोळ्यांना वारा नको

बोईसर स्टेशनजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी आणि माझी बायको काडीच्या गोळ्या बनवत असू. शहरात त्यांना लॉलीपॉप म्हणत. पावसाळ्यात ओल्या हवेने गोळ्या चिकटत आणि शेड बंद ठेवावी लागे. नेमक्या त्याच महिन्यांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत आणि जवळच्या दांडी गावच्या कोळी बायकांना काम हवे असे. त्या वर्षी मी ठरवले, शेड बंद करायची नाही, त्यांना कामावर घ्यायचे. पालघरच्या दुकानदाराने मात्र बजावले होते, "एक बरणी चिकटलेली आली, की तुमचा माल कायमचा बंद."

गोळ्या थंड करायला मी एक लांब लाकडी पेटी करून घेतली. आत लोखंडी नळ्या आणि त्यांत बर्फाने गार केलेले पाणी. मासेमारी बंद, म्हणून मासळीसाठीचा बर्फ हवा तेवढा मिळे. एका टोकाला पंखा. तीच हवा पेटीत फिरायची, तिची ओल नळ्यांवर जमून खालच्या भांड्यात ठिबकायची. ते पाणी मी मापाने मोजत असे.

तरी पहिले घाणे चिकटले. आणि भांडे तासातासाला भरत होते. बंद पेटीत एवढे पाणी येणार कुठून? मी मागे जाऊन पाहिले. पेटीचे झाकण विटेवर टेकवून उघडे ठेवलेले, समोरची खिडकीही सताड उघडी.

"हे कोणी उघडलं?"

"मी," दांडीच्या बायकांतली सर्वांत वडीलधारी मावशी म्हणाली. "तुमीच सांगता, गोळ्या सुकल्या की कागदात बांधा. वारा नाय तर सुकतील कशा?"

"मावशी, हे बोंबील नाहीत," बायको हसली.

"बोंबील बरं गो. ते असं रुसत नाय."

मी पेटीतली एक कडक गोळी घेतली आणि खिडकीत ठेवली. थोड्या वेळाने मावशीच्या हातात दिली. ती तळव्याला चिकटली.

"गोळी ओली नसते, मावशी. गरम असते, म्हणून मऊ. ती सुकवायची नाही, निववायची."

"मंग आधी नाय सांगायचं? भात निववतो तशी!" तिने वीट बाजूला केली आणि बायकांना ओरडून सांगितले, "खिडकी लावा गो! बाळंतीण हाय ती, तिला वारा नको!"

त्या दिवसापासून भांडे भरायला संध्याकाळ होऊ लागली. निवलेल्या गोळ्या त्याच बंद खोलीत लगेच कागदात बांधल्या जात.

पहिली बरणी मी स्वतः पालघरला नेली. दुकानदाराने ती परातीत उपडी केली. गोळ्या खडखडत सुट्या पडल्या. त्याने एक उचलून दाबून पाहिली, मग दुसरी.

"पाऊस असेपर्यंत देऊ शकाल?"

"देऊ," मी म्हणालो, आणि तिथूनच बर्फ सांगायला गेलो.