श्रावणातलं मटण

दिघाशीच्या गुणाबाईची एक खोड होती. कौतुक करायला लागली की तिच्या जिभेला लगाम राहत नसे.

दोन हजार सहा साली ती प्रशिक्षणाला जाऊन धिंगरी अळंबी पिकवायला शिकली. भाताचा पेंढा भिजवायचा, उकळायचा, निथळला की प्लास्टिकच्या पिशवीत थर देत मध्ये अळंबीचं बी पेरायचं. रिकाम्या गोठ्यात पिशव्या टांगल्या की भोकांतून पांढरे पंखे फुटत. गाव हसलं. हसायला काय लागतं?

हसली नाही ती शेजारची जानकीबाई, तिची जिवाभावाची मैत्रीण. जानकीबाईची सून निशा गरोदर होती. अंगात ताकद नाही, अंडी खा, असं डॉक्टर म्हणाले, आणि नेमका श्रावण लागला. डाळीच्या वासानेच पोरीला उलटी होई. मग गुणाबाई रोज अळंबीचं कालवण करून पोचवू लागली. जानकीबाईही ते बोटं चाटून खायची. निशा सावरली, तसा गुणाबाईला हुरूप आला. आता अळंबी विकायचीच!

देवळात सप्ताह चालू होता. बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांत जानकीबाईही होती. गुणाबाई टोपली घेऊन गेली आणि बोलून बसली, "खाऊन तं बघा, थेट मटनच हाय!"

मटण! श्रावणात, देवळाच्या पायरीवर! बायकांनी हात आखडले. एकीने विचारलं, "निशेला पन ह्येच घातलंस काय?"

गुणाबाईने हसून जानकीबाईकडे बघितलं. आता ही सांगेल, पेंढ्यावरची भाजी आहे, मी रोज खाते.

जानकीबाईने मान वर केली नाही. "आमी श्रावण पालतो. आमच्या चुलीवर असला कायबी शिजला न्हाय."

बायकांचा गुणाबाईला राग आला नाही, त्यांना कुठे काय ठाऊक? पण हिने? चुलीवर शिजलं नव्हतं हे खरंच, शेजारून शिजून येत होतं! एक अक्षरही खोटं न बोलता हिने आपल्याला चारचौघींत खोटं पाडलं. टोपली उचलून ती तडक घरी निघाली.

संध्याकाळी जानकीबाई मागच्या दाराने वाटी घेऊन हजर. "रागावू नको गो. सप्त्याचा परसाद माझ्या हातचा, मंग कोनी खाल्ला नसता. बायांसमोर काय बोलू? निशेसाठी दे वाईच."

"निशेला धाड," गुणाबाई म्हणाली. "दिवसाउजेडी, पुढच्या दारानं. माझ्या चुलीपाशी बसून खाईल. तू पुन्ना येऊ नको."

तिने दार लावलं, आणि आत येऊन ती ढसाढसा रडली.