नळाशी थांबणारी वहिनी

दादाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होतो. "निघ लवकर," एवढंच तो बोलला आणि त्याचा आवाज फुटला. आई बीडच्या दवाखान्यात होती, त्यामुळे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. वाटेतच मी मामांना कळवून टाकलं, आई गेली म्हणून. मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा तोंडावर पाणी मारलं, मन घट्ट केलं. तेलगावला घराशी उतरलो, तर आई ओसरीवर बसलेली, दवाखान्यातून नुकतीच आणलेली, हाताला सलाइनची पट्टी तशीच. "मला वाटलं डोळा लागला तिचा... म्या उठवलं न्हाई रे," ती म्हणाली. दवाखान्यात आईच्या खाटेशी स्टुलावर बसल्या बसल्या वहिनी गेली होती. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मला मात्र ते अजून कळत नाही. जिच्यासाठी रडत आलो ती समोर होती, आणि जिच्या गळ्यात पडून रडणार होतो तीच नव्हती.

वहिनी धर्मापुरीची. लग्नात तिच्या रुखवतात पितळी डब्यांच्या शेजारी, विणलेल्या रुमालावर, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम मांडलेला होता. बायका पदराआड हसल्या. मी तेव्हा शाळेत होतो, मला तर हरखून गेल्यासारखं झालं. त्या गेममध्ये जमिनीतून वर आलेले जाडजूड हिरवे नळ असायचे आणि नळातून एक झाड वर यायचं. लाल डोकं, पांढरे ठिपके, तोंडभर दात. आम्ही कापसाच्या मुलखातले, म्हणून त्याचं नाव ठेवलं बोंड. मी दरवेळी घाईने उडी मारायचो आणि बोंड मला गिळायचं. त्याची खोड वहिनीनेच शोधली. नळाला खेटून कुणी उभं असलं की बोंड बाहेर येतच नाही. दोघांना एकदम खेळता यायचं, तेव्हा ती खेळातला आपला माणूस नळाशी नेऊन उभा करायची आणि म्हणायची, "जावा भावजी, मी हाय हितं." मी उडी मारून पलीकडे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "सुनंदा, लेकराबरूबर काऊन खेळती गं?" वहिनी फक्त आवाज कमी करायची.

पुढे मला पुण्याला नोकरीला जायचं होतं आणि वडिलांना मी शेतात हवा होतो. लई दिवस धुसफूस चालली. शेवटी एका सकाळी वहिनीच वडिलांसमोर जाऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर सावरत. "जाऊ द्या त्यांना. घरचं मी बघते, मी हाय." वडील आत निघून गेले. मी बॅग उचलली. आई आजारी पडली तेव्हाही फोनवर तेच, "तुमी नका धावपळ करू, मी हाय ना." आणि मी निश्चिंत राहिलो... तिच्याशेजारी कोण उभं आहे, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. टीव्हीखालच्या कपाटात गेम होता, त्याच रुमालात गुंडाळलेला. मी तो जोडला. बोंड पहिल्यासारखंच वर-खाली करत होतं. गेमचा एक रिमोट माझ्या हातात, दुसरा सतरंजीवर पडलेला. मी नळाच्या अलीकडे नुसता थांबून राहिलो. आई भिंतीला धरत आली, हळूच खाली बसली आणि तिने तो रिमोट उचलला. उलटा.

"कुठं हुबी राहायची रं ती?" तिने विचारलं.

मी रिमोट सुलटा करून दिला आणि तिला नळ दाखवला.