संपतरावांच्या जीपची हवा

लोक विचारतात, वैनी, तुमच्याकडे एवढ्या गोष्टी येतात कुठून? अहो, मी कुठं आणायला जाते! आमच्या घराची आणि शेजारच्या शेडची मधली भिंत कमरेएवढी आहे. त्या अंगाला काही घडलं की या अंगाला मी कपडे वाळत घालत असतेच. दोनच कपडे असले तरी मला अर्धा तास लागतो. फडताळात रिकामे डबे साठतात ना, तसे किस्से साठलेत. टाकायला हात होत नाही.

शेड कुपवाडात, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत. माणसं तीन. संपतराव फलटणकडचे, ऊसवाल्या घरातले, मिलिटरीत ट्रक चालवून रिटायर झालेले. इन्नूसभाई लेथवाले, पितळेचा तुकडा दिला की त्यातून काय वाट्टेल ते काढतील. आणि बिरू फिटर, आटपाडीकडचा, मेंढरांमागं वाढलेला. तिघांत मिळून एक जुनी फोर-व्हील जीप.

जीप घेतली ती बिरूच्या आईपायी. म्हातारीचा एक डोळा पार गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लवकर आणा, नाहीतर हाही जाईल. पण तिची वस्ती ओढ्यापलीकडं. ओढा म्हणजे नुसती वाळू, लांबच लांब. त्यात गाडी रुतते आणि तिच्या गुडघ्यांना वाळू चालवत नाही. खाटेवर घालून नेऊ म्हटलं तर म्हणाली, "मला चौघांनी उचलायची येळ एकदाच येनार हाय. तवाच उचला!"

मग संपतराव म्हणाले, "आपुन गाडीच दारात न्यायची."

वाळूतनं जायचं तर टायरातली निम्मी हवा सोडायची. टायर पसरतो, मग गाडी रुतत नाही, वरच्या वर जाते. वाळू संपून पक्का रस्ता लागला की परत भरायची. सोडायला इन्नूसभाईंनी पितळेच्या चार टोप्या केल्या. टायरच्या वॉलवर बसवल्या की ठरलेल्या आकड्याला हवा आपोआप थांबते. भरायला बॅटरीवरचा कॉम्प्रेसर आणला. यंत्र म्हणाल तर एवढंच.

*

पहिल्या दिवशी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सकाळी दोरीपाशी गेले तर भिंतीपलीकडून फुस्स! जरा वेळानं दुसरीकडून फुस्स! मग चारी बाजूंनी एकदम.

मी घरात पळाले, दार लावलं आणि सर्पमित्राला फोन केला. चार नाग आहेत म्हटलं. तो आकडा आणि पिशवी घेऊन धावतच आला. शेडमध्ये जाऊन बघतो तर चार चाकं, चार पितळी टोप्या आणि चहा पीत बसलेली तीन माणसं.

संपतरावांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. पण तो माणूस मोठा शहाणा. उकिडवा बसून त्यानं एक टोपी नीट न्याहाळली आणि भिंतीवरून मला सांगितलं, "काकू, बिनविषारी आहे!"

*

आमच्याकडची एक रीत आहे. रस्त्याकडेला कुणी चाकापाशी बसलेलं दिसलं की गाडी थांबवायचीच. ओळख असो नसो, "काय झालं वो?" म्हणायचं.

हे तिघं सरावाला म्हणून गावाबाहेर हवा सोडत बसले आणि नेमकी शिफ्ट सुटली. दुचाकीवाले एकेक थांबायला लागले. "पंक्चर का?" "न्हाई." "मग हवा कमी कशी?" "सोडलीया." "का बरं?" पाच मिनिटांचं काम, दीड तास गेला. एकानं तर पाना काढून स्टेपनीच खोलायला घेतली.

दुसऱ्या दिवशी इन्नूसभाईंनी पत्र्याची पाटी रंगवली. "पंक्चर नाही. मुद्दाम." चाकाला टेकवून ठेवली.

त्या दिवशी अडीच तास लागले. आता लोक गाडी स्टँडवर लावून, हेल्मेट काढून विचारायचे, "मुद्दाम का?"

*

कॉम्प्रेसरची कीर्ती गल्लीत पसरली. मी त्यावर शिलाई मशीनमधली धूळ उडवून घेतली. गिरणीवाल्यानं चाळण्या साफ करून नेल्या. मग पलीकडच्यांच्या नातीचं बारसं आलं आणि फुगे फुगवायला संपतरावांना बोलावलं.

संपतराव शिस्तीचे. फुगा नळीला लावला आणि विचारलं, "किती पौंड भरायचा?"

आता फुग्याचे पौंड कुणाला माहीत! बाळाची आत्या म्हणाली, "भरा की हो, बास म्हणेस्तोवर." पण ती बास म्हणायच्या आतच फुगा फुटला. असा फुटला की पाळण्याची दोरी धरलेल्या बायका किंचाळल्या. बाळ मात्र टकामका बघत होतं.

आणि संपतराव जमिनीवर पालथे, दोन्ही हात डोक्यावर.

मग ते उठले, शर्ट झाडला, दुसरा फुगा घेतला. "सवय हाय," म्हणाले. "ह्यो जरा कमी भरू."

*

एकदा आम्हा दोघांनाही त्यांनी सरावाला नेलं. साताऱ्याकडच्या पठारावर, पवनचक्क्या आहेत तिथं. आमचे हे पुढं बसले, मी मागं बिरूशेजारी. डांबर संपलं तिथं संपतरावांनी अठरा पौंडांवर हवा आणली, आणि काय सांगू, गाडीचा स्वभावच बदलला! इतका वेळ खडखडणारी जीप एकाएकी मऊ झाली. दगडावरून जायची ती दगडाची समजूत काढल्यासारखी.

धुकं होतं. पवनचक्कीचं एक पातं वरून यायचं, गवतापर्यंत उतरायचं आणि पुन्हा पांढऱ्यात नाहीसं व्हायचं. मग दुसरं. चक्की कुठं दिसतच नव्हती, नुसती पाती येत-जात होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. एरवी माझं तोंड गप्प नसतं, पण मलाही बोलावंसं वाटेना.

मला वाटलं बिरू झोपला. तर डोळे मिटूनच तो म्हणाला, "वैनी, ल्हान हुतो तवा आई मला घोडीवर बांधायची. वाकळंत मी आन् संगं एक कोकरू. मेंढरं म्होरं चालायची. आसंच हुतं बगा हे. आसंच डुलायचं."

जरा वेळानं परत, "आता तिला मी शेजारी उबा ऱ्हायलो तरी दिसत न्हाई. वासावर वळकती."

आमचे हे पुढून म्हणाले, "कधी आणायचं म्हणता आईला?"

संपतराव आरशात बघत म्हणाले, "ह्या आयतवारी."

*

त्या आयतवारचा किस्सा ऐका. पहाटे तिघं निघाले. ओढ्याच्या अलीकडं एक छोटं हॉटेल आहे, शेजारी पंक्चरचं दुकान. तिथंच हवा अठरावर आणली आणि वडापाव खायला आत गेले. परत येऊन गाडीत बसले, जय म्हटलं आणि घातली वाळूत.

चार हात गेली आणि रुतली! ॲक्सलपर्यंत! संपतरावांनी गिअर बदलले, इन्नूसभाईंनी फळ्या घातल्या, बिरूनं मागून रेटा दिला. जीप जास्तच खाली. पलीकडं म्हातारी वस्तीपुढं ऐकत उभी. तिथून ओरडली, "बिरू, त्या गाडीला मारू नगंस रं! रडतीया ती!"

इन्नूसभाईंना काय सुचलं, त्यांनी गेज लावून बघितलं. पस्तीस! चारी चाकांत पस्तीस पौंड!

ट्रॅक्टरनं ओढून काढल्यावर हॉटेलपाशी आले, तर पंक्चरवाला हात पुसत हसतमुखानं उभा. "तुमी खायला बसला हुता. बगितलं तर चारीबी टायर बसल्याली. म्हटलं लांबची मानसं दिसत्यात, मारून ठेवली हवा. पैशाचं काय न्हाई वो, मानूसकी हाय का न्हाई!"

संपतरावांनी त्याला नमस्कार केला. पाटी घरी राहिली होती.

पण बिरूचं तोंड उतरलं. आईनं तिकडून निरोप धाडला होता, "गाडीचीबी विच्छा न्हाई. ऱ्हाऊ द्या आता."

*

दुसऱ्या खेपेला मी आपणहून पिशवी घेऊन जीपमध्ये बसले. म्हातारीसोबत बाईमाणूस नको का? ओढ्याच्या अगदी काठावर हवा सोडली, चौदावर आणली आणि कुणीही गाडीपासून हललं नाही. मग संपतरावांनी हळूच जीप वाळूत घातली. आवाजच नाही! कापसाच्या गादीवरून मांजर जावं तशी गेली. अधेमधे मला वाटलं आपण हललोच नाही, तो काठच आपल्याकडं येतोय. जीप थेट वस्तीच्या दारात, शेळ्यांच्या वाड्याला टेकून थांबली.

म्हातारी चाचपडत आली. टायरला हात लावला, दाबून बघितला.

"ह्यात काय भरलंय?"

"हवा हाय, आई," बिरू म्हणाला.

"कुठली?"

आता काय सांगणार? "कुपवाडची."

"मग तुमची हवा तुमी घेऊन जावा. मला तिकडं कसं गमंल? आंधळ्याला रानाचा वास गेला म्हंजी ऱ्हायलं काय?" ती दारातच बसली.

बिरूनं हात जोडले. मी समजावलं. डॉक्टरांची तारीख दुसऱ्या दिवशीची, हा डोळा गेला तर परत नाही. म्हातारी ऐकेना. मग संपतरावांनी मागची स्टेपनी काढली आणि होती नव्हती ती सगळी हवा सोडून दिली. कॉम्प्रेसर वाड्याच्या तोंडाशी नेला, बाभळीखाली, अगदी शेळ्यांच्या नाकाजवळ, आणि बटण दाबलं. घरघर सुरू झाली. शेळ्या कान टवकारून बघत होत्या. एक पांढरी गाभण शेळी तर नळी हुंगायला पुढं आली. पस्तीस पौंड झाल्यावर त्यांनी वॉलचं टोपण घट्ट लावलं आणि स्टेपनी म्हातारीपुढं आणून ठेवली.

"आई, वस्ती भरून घेतलीया. चला."

म्हातारीनं वाकून टायरवर हात फिरवला. बोटानं टिचकी मारली. आणि पदर खोचून, कुणाचा हात न धरता, गाडीत चढली. सांगलीपर्यंत एक हात त्या स्टेपनीवर!

ऑपरेशन झालं. बिरूची खोली जिन्यावर, म्हणून तिला माझ्याकडं आणलं. दिसत होतं त्याच डोळ्यावर पट्टी, म्हणजे आता सगळाच अंधार. दुपारपासून म्हातारी बिथरली. जेवेना, पाणी घेईना. "मला सोडा, मला घरला जायाचं," म्हणत पट्टीकडं हात न्यायची. दोन्ही हात धरून धरून मी आणि बिरू दमलो. पट्टी ओढली असती तर संपलंच होतं.

दिवेलागणीच्या आत संपतराव फाटकातून स्टेपनी ढकलत आले. अंगणातल्या तिच्या खाटेजवळ उभी केली, पितळेची एक टोपी वॉलवर बसवली.

फुस्स...

म्हातारीचे हात एकदम ढिले पडले. तिनं तोंड पुढं केलं. मला विचाराल तर रबराचाच वास होता, मी खोटं कशाला सांगू? पण ती लांब लांब श्वास घेत बसली. हवा हळूहळू जात होती. मग तिनं हात वर केला.

"बास. पांढरी व्याली."

एवढं म्हणून आडवी झाली आणि सकाळपर्यंत झोपली.

सकाळी दवाखान्यात पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं समोर धरली. "आजी, किती?"

म्हातारीनं डोळा बारीक केला, मोठा केला. बिरूनं माझा दंड इतका आवळला होता की अजून दुखतो.

"दोन," ती म्हणाली. "आन् नखं वाडल्याती तुजी."

डॉक्टर हसले. बिरू भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. इतक्यात त्याचा फोन वाजला. वस्तीवरून भावाचा. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा कसासाच होत गेला.

"आई, आपली पांढरी काल सांजच्याला..."

"ठाव हाय," म्हातारी म्हणाली. "बोकड किती आन् पाठी किती, त्येवडं इचार."